तबली आणि भोपळा : मिरजेच्या तंबोऱ्याची रचना, तिचे शास्त्र आणि नागपूरचे हवामान

प्रस्तावना

तंतुवाद्यातून ऐकू येणारा नाद हा मुख्यतः तारेचा नसतो. तार अत्यंत बारीक असल्यामुळे ती कंप पावली तरी भोवतालची हवा फारशी हलवू शकत नाही. तारेचे कंपन घोडीमार्फत एका पातळ लाकडी पृष्ठभागाकडे जाते, तो पृष्ठभाग हवेला हलवतो आणि त्यानंतरच श्रोत्याला नाद ऐकू येतो. म्हणून वाद्याची दर्शनी बाजू आणि तिला आधार देणारी पाठ ही तंतुवाद्याची दोन सर्वांत महत्त्वाची अंगे होत. तंबोऱ्यात दर्शनी बाजूस तबली म्हणतात आणि पाठीचे काम भोपळा करतो.

महाविद्यालयांच्या संगीत विभागांत तंबोरा रोज हाताळला जातो. त्याच्या स्वरमेळाविषयी आणि जवारीविषयी अध्यापनात चर्चाही होते. तबली व भोपळा यांच्या घडणीकडे मात्र सहसा लक्ष जाते ते तबलीला चीर पडल्यावर किंवा जोड सुटल्यावर. नागपूरसारख्या तीव्र हवामानाच्या शहरात हा प्रसंग वारंवार येऊ शकतो. प्रस्तुत लेखात मिरजेच्या तंबोऱ्याची तबली आणि भोपळा कसे घडतात, त्या घडणीमागे कोणती भौतिक कारणे आहेत, आणि या वाद्याचा आराखडा कागदावर उतरवणे कठीण का जाते, याचा विचार केला आहे. तुलनेसाठी प्रारंभी युकुलेले या लहान वाद्याच्या रचनेचा आधार घेतला आहे.

युकुलेले : मोजमापाने बांधले जाणारे वाद्य

युकुलेले हे हवाई बेटांचे वाद्य म्हणून ओळखले जात असले तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील माशेत या वाद्यात आहे. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रॅव्हन्सक्रॅग’ हे जहाज मदेरातील मजुरांना घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्या प्रवाशांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दु इस्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. त्यांनी स्थानिक कोआ लाकडापासून ही वाद्ये बनवण्यास आरंभ केला. कोआ हे बाभळीच्या नात्यातील झाड आहे.

युकुलेलेची दर्शनी फळी सपाट असते आणि तिची जाडी बहुधा दोन मिलिमीटरपेक्षा अधिक नसते. इतकी पातळ फळी तारांच्या ताणाने वाकू नये म्हणून तिला आतून बारीक लाकडी पट्ट्यांचा आधार दिलेला असतो. पाठीची फळीही तशीच पातळ असून तिला आतून आडव्या पट्ट्या लावतात. या पट्ट्यांना किंचित गोलाई दिल्याने पाठीला अल्पसा फुगवटा येतो. दोन्ही फळ्यांमध्ये उष्णतेने वाकवलेल्या बाजूच्या पट्ट्या असतात आणि दर्शनी फळीत एक गोल नादछिद्र असते.

या रचनेतील प्रत्येक घटक माणसाने कापलेला असतो. त्यामुळे लांबी, रुंदी, जाडी, आतील पट्ट्यांची जागा आणि उंची हे सारे आकड्यांत सांगता येते. हौशी माणूस छापील आराखडा समोर ठेवून घरच्या घरी युकुलेले बांधू शकतो आणि पहिल्याच प्रयत्नात वाजण्याजोगे वाद्य त्याच्या हाती येऊ शकते. कुशल कारागीर आराखड्याच्या पुढे जाऊन प्रत्येक फळीच्या गुणानुसार जाडी कमीअधिक करतो हे खरे. पण आरंभबिंदू म्हणून आराखडा उपलब्ध असतो. तंबोऱ्याची गोष्ट येथेच वेगळी होते. त्याचा अर्धा भाग माणूस घडवत नाही. तो शेतात वाढतो.

मिरजेची परंपरा

सांगली जिल्ह्यातील मिरज हे सतार आणि तंबोरा यांच्या निर्मितीचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. या व्यवसायाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंनी केली, अशी तेथील परंपरा सांगते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले इत्यादी शस्त्रांना धार लावणारे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली. दुसरीकडे पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गायक-वादकांचे येणे-जाणे होते आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारा कोणी तरी हवाच होता. दुरुस्तीतून वाद्याची रचना समजली आणि त्या समजुतीतून नवी वाद्ये तयार होऊ लागली. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर असे झाले.

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मिरजेतील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन करण्यात आले. सुरेल तंबोऱ्याविषयी अत्यंत आग्रही असलेला हा गायक वाद्यांच्या दुरुस्तीतही जाणकार होता. असा चोखंदळ गायक आणि कारागीर एकाच गावात राहत असल्याने कारागिराच्या कामाची परीक्षा रोजच्या रोज होत असे. मिरजेच्या तंबोऱ्याला जो लौकिक लाभला त्यामागे ही परीक्षा आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनामुळे अन्यत्र बनलेल्या वाद्यास मिरजेचे नाव लावण्यास कायदेशीर प्रतिबंध होतो. नावाचे संरक्षण त्यामुळे झाले. वाद्य घडवण्याच्या ज्ञानाचे संरक्षण हा त्यानंतर उरणारा प्रश्न आहे आणि त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

भोपळा : शेतात वाढलेली पाठ

तंबोऱ्याचा भोपळा हा दुधी भोपळ्याच्याच जातीचा, म्हणजे लॅजेनारिया सिसेरारिया या वनस्पतीचा असतो. मात्र तो खाण्याचा नव्हे, कडू प्रकारचा असतो. त्याची साल जाड व कठीण असते आणि वाळल्यावर ती जवळजवळ लाकडासारखी होते. मिरजेच्या कारागिरांना हे भोपळे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर–मंगळवेढा या भागातून मिळतात. हा परिसर कमी पावसाचा आहे. वाद्याच्या भोपळ्याला वेलावरच पक्व होऊन पूर्ण वाळण्यास अवधी लागतो. अतिवृष्टीच्या प्रदेशात तो वाळण्याआधीच कुजण्याची शक्यता अधिक.

भोपळ्याचा आकार काही प्रमाणात शेतकऱ्याच्या हाती असतो. फळ जमिनीवर आडवे पडून वाढले तर एका बाजूने चपटे होते. ते नीट बसते करून, खाली कोरडे गवत घालून वाढवले तर गोलाई चांगली येते. तरीही दोन भोपळे एकसारखे निघत नाहीत. परीघ, उंची, सालीची जाडी आणि गोलाईतील बारीक असमतोल प्रत्येक फळात वेगळा असतो. पुरुषी तंबोऱ्यासाठी मोठ्या परिघाचा, बायकी तंबोऱ्यासाठी त्याहून लहान आणि सतारीसाठी आणखी लहान भोपळा निवडला जातो.

निवडलेला भोपळा कापून पाण्यात भिजत ठेवतात. भिजल्यामुळे आतील वाळका गर व बिया खरवडून काढता येतात आणि साल थोडी लवचीक होते. या अवस्थेत त्याच्या तोंडाला आतून काठ्यांचा ताण देऊन ते हव्या तेवढे रुंद करतात आणि भोपळा तसाच वाळू देतात. वाळल्यावर हा आकार कायम राहतो. लाकडाची पट्टी उष्णता देऊन वाकवणे आणि भोपळा भिजवून ताणणे यांमागील तत्त्व मिळतेजुळते आहे. दोन्हींत वनस्पतीचे तंतू मऊ करून नव्या आकारात स्थिर केले जातात.

पाठ म्हणून भोपळ्याचे दोन गुण विशेष आहेत. पहिला, तो सर्व दिशांनी वक्र असलेले कवच आहे. असे कवच वजनाच्या मानाने अत्यंत ताठ असते. अंड्याचे कवच हे त्याचे परिचित उदाहरण. युकुलेलेच्या पाठीला आतून पट्ट्या लावाव्या लागतात, भोपळ्याला त्यांची गरज नसते. दुसरा गुण म्हणजे तो मोठ्या आकारमानाची हवा कोंडून धरतो. ज्याचा परीघ १३० सेंटिमीटर आहे अशा पूर्ण गोलाचे आकारमान सुमारे ३७ लिटर भरते. भोपळ्याचा तोंडाकडील भाग कापलेला असल्याने आणि सालीची जाडी वजा जाता प्रत्यक्ष आकारमान त्याहून कमी असले, तरी ते सर्वांत लहान युकुलेलेच्या कित्येक पट असते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. युकुलेलेतील हवा नादछिद्रातून आत-बाहेर करू शकते. म्हणून त्या पोकळीचा स्वतःचा एक स्वर असतो आणि तो वाद्याच्या खालच्या स्वरांना बळ देतो. तंबोऱ्याच्या तबलीला बहुधा मोठे नादछिद्र नसते. आतील हवेला बाहेर पडण्यास मोकळी वाट नसल्याने तबली आत दबली की हवा आकुंचित होते आणि तबलीला परत बाहेर ढकलते. कोंडलेली हवा अशा रीतीने तबलीच्या मागे बसवलेल्या स्प्रिंगसारखे काम करते. भोपळा लहान असेल तर ही स्प्रिंग अधिक कडक, मोठा असेल तर अधिक मऊ. म्हणजेच एकच तबली दोन वेगवेगळ्या भोपळ्यांवर बसवली तर ती दोन वेगळ्या तऱ्हेने वाजेल. तबलीची योग्य जाडी कोणती, हा प्रश्न भोपळा समोर नसताना विचारताच येत नाही.

तबलीचे लाकूड

मिरजेत तबली, गळा आणि दांडी यांसाठी तून हे लाकूड पसंत केले जाते. व्यवहारात त्याला लाल देवदार असेही म्हणतात. या नावामुळे गैरसमज होण्याचा संभव आहे. हिमालयातील देवदार हा सूचिपर्णी वृक्ष आहे. तून म्हणजे टूना सिलिआटा हा रुंद पानांचा, कडुनिंब आणि महोगनी यांच्या कुळातील वृक्ष आहे. हे लाकूड प्रामुख्याने कर्नाटकातील जंगलांतून मिरजेत येत आले आहे.

विदर्भातील वाचकाच्या मनात येथे सागाचा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे आणि काही ठिकाणी सतारीसाठी सागाचा उपयोगही होतो. साग टिकाऊ आहे, कीड सहसा लागू देत नाही आणि कमी आक्रसतो. परंतु त्याची घनता तूनपेक्षा अधिक आहे. सागाच्या एका घनमीटरचे वजन साधारण ६५० किलोग्रॅमच्या आसपास असते, तूनचे साधारण ५०० किलोग्रॅमच्या आसपास. तबलीला हवा हलवायची असते. ती जितकी हलकी, तितकी तारेच्या अल्प शक्तीने अधिक हलते. म्हणून हलकेपणा आणि ताठपणा यांचे गुणोत्तर चांगले असलेले लाकूड दर्शनी बाजूसाठी निवडले जाते. युरोपातील व्हायोलिन व गिटार बनवणारे स्प्रूस निवडतात तेही याच कारणासाठी.

लाकडाच्या जातीइतकाच महत्त्वाचा असतो तो फळी कापण्याचा कोन. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने अतिशय ताठ असते. आडव्या दिशेने त्याचा ताठपणा कित्येक पटींनी कमी असतो. यासाठी तबलीतील रेषा तारांच्या दिशेने ठेवतात. शिवाय वार्षिक वलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येतील अशी फळी मिळाली तर ती ऋतुमानाने कमी आक्रसते व कमी वाकते. गाठ, तिरकी गेलेली रेषा किंवा रसकाष्ठाचा पट्टा असलेली फळी दिसायला चांगली असली तरी तबलीसाठी नाकारली जाते.

तबलीची जाडी

तबली ही जाड फळीतून बाहेरून फुगीर आणि आतून पोकळ अशी कोरून काढली जाते. वाकस, पटाशी, रंधा आणि कानस ही यासाठीची हत्यारे. पूर्ण झालेल्या तबलीची जाडी काही मिलिमीटरच असते. तिला युकुलेलेप्रमाणे आतून आधाराच्या पट्ट्यांचे जाळे नसते. ताठपणा येतो तो फुगवट्यातून. पुलाची कमान ज्या तत्त्वाने भार पेलते त्याच तत्त्वाने ही फुगीर तबली घोडीचा दाब पेलते.

हा दाब किती असतो याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. घोडीपासून मेरूपर्यंत एक मीटर लांब आणि ०.३० मिलिमीटर व्यासाची पोलादी तार काळी एकच्या षड्जात, म्हणजे सेकंदास सुमारे १३९ कंपनांवर लावली, तर तिचा ताण सुमारे ४३ न्यूटन, म्हणजे ४.३ किलोग्रॅम वजनाइतका येतो. चारही तारांचा ताण साधारण एवढाच धरला तर एकूण १७ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ वाद्यावर सतत असते. घोडीवरून तार दहा अंशांनी खाली वळते असे मानल्यास त्यातील सुमारे तीन किलोग्रॅम वजनाइतका दाब तबलीवर सरळ खाली येतो. हा दाब वर्षानुवर्षे टिकून राहतो. काही मिलिमीटर जाडीच्या लाकडाने तो सोसायचा आणि त्याच वेळी अगदी हलक्या छेडीनेही कंप पावायचे, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा तबलीकडून असतात.

यामुळे जाडीचा निर्णय नाजूक होतो. सपाट फळीचा वाकण्यास होणारा विरोध हा जाडीच्या घनावर अवलंबून असतो, तर वजन केवळ जाडीच्या प्रमाणात बदलते. चार मिलिमीटरची फळी तासून ३.६ मिलिमीटर केली तर वजन दहा टक्क्यांनी घटते, पण हा विरोध सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. फुगीर तबलीत वक्रतेमुळे हे प्रमाण तंतोतंत असेच राहत नाही. तथापि दिशा तीच असते. रंध्याचे शेवटचे काही हात आवाजावर सर्वाधिक परिणाम करतात आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही. जाड राहिलेल्या तबलीचा तंबोरा दबलेला व कोरडा वाजतो; फार पातळ झालेल्या तबलीचा तंबोरा आरंभी मोठा वाजतो, पण कालांतराने घोडीखाली तबली बसू लागते.

कारागीर हा निर्णय टिचकी मारून, बोटांनी दाबून आणि कानाने ऐकून घेतो. तबलीच्या मध्यावर व कडेला वेगवेगळा नाद येतो. कोठे लाकूड अजून काढायचे हे त्या नादावरून ठरते. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तो तबलीच्या नैसर्गिक कंपनसंख्यांची परीक्षा घेत असतो. लाकडाच्या प्रत्येक तुकड्याची घनता आणि ताठपणा वेगळा असल्याने केवळ जाडी मोजून हे काम भागत नाही. टिचकीच्या नादात मात्र जाडी, घनता आणि ताठपणा या तिन्हींचा एकत्रित परिणाम ऐकू येतो.

भारतीय तंतुवाद्यांच्या विज्ञानाकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी फार पूर्वी लक्ष वेधले होते. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा विचार केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या स्वरांशांचा निष्कंप बिंदू येतो, ते स्वरांश सर्वसाधारण नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात मात्र घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे तेही ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. जवारीचे हे शास्त्रीय स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. परंतु त्या निबंधाचा विषय तार आणि घोडी हा होता. जवारीने निर्माण केलेले समृद्ध स्वरांश श्रोत्यापर्यंत पोहोचवण्याचे काम तबली व भोपळा करतात.

तबली आणि भोपळा यांचा जोड

भोपळ्याच्या तोंडाशी लाकडी गळा बसवला जातो आणि गळ्याला दांडी जोडली जाते. भोपळ्याचे तोंड कधीही अचूक वर्तुळ नसते. त्यामुळे तबलीची बाह्यरेषा कंपासाने आखून भागत नाही. ती त्या विशिष्ट भोपळ्याच्या तोंडावरूनच उतरवून घ्यावी लागते. भोपळ्याची कड घासून एका पातळीत आणणे, तबलीची कड तिच्याशी मिळवणे आणि दोहोंत फट राहणार नाही याची खात्री करणे हे संथपणे करण्याचे काम आहे. कंपन ज्या जोडातून जाते तो जोड सैल असेल तर शक्ती तेथेच वाया जाते आणि वाद्य खरखरते.

चिकटवण्यासाठी परंपरेने सरस वापरला जाई. प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून बनलेला हा पदार्थ गरम पाण्यात विरघळतो. उष्णता व ओलावा दिल्यास जोड सोडवता येतो, हा त्याचा मोठा फायदा. चीर पडलेली तबली काढून दुसरी बसवणे त्यामुळे शक्य होते. आजच्या कृत्रिम चिकटद्रव्यांचा जोड ओलाव्यास अधिक टिकतो, पण दुरुस्तीच्या वेळी तो सोडवताना भोपळ्याची कड तुटण्याचा धोका असतो. गळ्याजवळ कोरलेली लाकडी पाने ही सजावट म्हणून ओळखली जात असली तरी भोपळा आणि गळा यांच्या सांध्यावर बसून ती त्यास बळकटीही देतात.

नागपूरचे हवामान आणि तंबोरा

गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर व मिरज ही दोन्ही स्थानके जोडते. एका दिवसाहून थोड्या अधिक काळात होणाऱ्या या प्रवासात तंबोरा एका हवामानातून अगदी वेगळ्या हवामानात येतो. मिरजेचा उन्हाळा तुलनेने सौम्य असतो. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते आणि दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येते. दोनच महिन्यांनी पावसाळ्यात ती ८० टक्क्यांवर जाते.

लाकूड हवेतील ओलाव्याशी सतत देवाणघेवाण करते. ३० अंश सेल्सियसला २० टक्के आर्द्रतेच्या हवेत दीर्घकाळ ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेचार टक्के पाणी राहते, ८० टक्के आर्द्रतेत सुमारे साडेपंधरा टक्के. हा फरक अकरा टक्क्यांचा आहे. सागाचे उदाहरण घेतल्यास, पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत ते वलयांच्या काटकोनी दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या समांतर दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसते. हे आक्रसणे लाकडातील सुमारे ३० टक्के ओलाव्यापासून सुरू होते. त्या हिशेबाने अकरा टक्क्यांच्या फरकात ४० सेंटिमीटर रुंद फळी पहिल्या प्रकारे कापलेली असेल तर साधारण पावणेचार मिलिमीटर आणि दुसऱ्या प्रकारे कापलेली असेल तर साधारण साडेआठ मिलिमीटर आक्रसेल.

प्रत्यक्षात पॉलिशमुळे ही देवाणघेवाण मंदावते आणि फुगवटा थोडा कमी होऊन काही ताण सामावून घेतो. म्हणून हे आकडे कमाल मर्यादा समजावेत. तरीही त्यांवरून अडचण कोठे आहे हे दिसते. तबली आडव्या दिशेने आक्रसू पाहते, पण तिची कड भोपळ्याला चिकटलेली असते आणि भोपळा तिच्या प्रमाणात आक्रसत नाही. मग एक तर जोड सुटतो, किंवा तबलीला रेषेच्या दिशेने चीर पडते. वार्षिक वलये पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या फळीचा आग्रह कारागीर का धरतो, याचे उत्तर पावणेचार आणि साडेआठ या दोन आकड्यांतील अंतरात आहे.

नागपुरात यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी थंड हवा ओलावाही घेऊन येते. दिवसभर कूलरसमोर असलेला आणि रात्री बंद, कोरड्या खोलीत राहिलेला तंबोरा एका दिवसात दोन ऋतू अनुभवतो. अशा वेळी तबलीचा बाहेरचा थर आधी फुगतो किंवा आक्रसतो, आतला थर मागे राहतो आणि तबलीत अंतर्गत ताण निर्माण होतो. सलग कोरडेपणापेक्षा हे वारंवारचे बदल अधिक घातक ठरू शकतात.

यावरून संगीत विभागांसाठी काही साध्या दक्षता निष्पन्न होतात. तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकवून, खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. वापर नसताना त्यावर जाड सुती गवसणी असावी. उन्हाळ्याच्या सुटीत विभाग बंद राहणार असेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. खोलीत आर्द्रतामापक लावून रोजची नोंद ठेवल्यास चीर कोणत्या परिस्थितीत पडते हे अनुमानाने नव्हे, नोंदीने सांगता येईल. नवा तंबोरा खरेदी करायचा असल्यास पावसाळा संपल्यानंतर आणावा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी त्याला नव्या हवेशी हळूहळू जुळवून घेण्यास काही महिने मिळतात.

नोंदीचा प्रश्न

१९८० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा प्रचारात आला आणि आता तो भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहे. त्याला चीर पडत नाही, हवामान बाधत नाही आणि जवारी काढावी लागत नाही. रियाजाची सोय म्हणून त्याची उपयुक्तता मान्य करावी लागते. परंतु सोयीमुळे घडीव तंबोऱ्याची मागणी घटली तर त्याचा परिणाम केवळ मिरजेच्या कार्यशाळेपुरता राहणार नाही. वाद्याचा कडू भोपळा खाण्याच्या उपयोगाचा नाही. त्याला ग्राहक एकच. कारागिराकडून मागणी आली नाही तर शेतकरी त्या जागी दुसरे पीक घेईल. एकदा लागवड थांबली, जोपासलेले बियाणे हरवले, तर उत्तम कारागीर असूनही पाठ मिळणार नाही. कारागिरी आणि शेती या येथे एकाच वाद्याच्या दोन बाजू आहेत.

या ज्ञानाची नोंद करावी असे अनेकदा सुचवले जाते. बहुधा त्यामागे कल्पना असते ती आराखड्याची : वाद्याची मापे घ्यावीत, चित्र काढावे, जाडी लिहून ठेवावी. युकुलेलेसाठी ही पद्धत योग्य आहे. तंबोऱ्यासाठी ती अपुरी पडते, कारण एका तंबोऱ्याच्या तबलीची जाडी ही दुसऱ्या भोपळ्यासाठी योग्य असेलच असे नाही. नोंदवायचे आहे ते मापापेक्षा नाते : अमुक परिघाचा, अमुक जाडीच्या सालीचा भोपळा आणि अमुक घनतेची फळी असताना कारागिराने तबली कोठवर तासली, थांबण्यापूर्वी टिचकीचा नाद कोणता होता, तारा चढवल्यावर तो कसा बदलला आणि पाच वर्षांनी ते वाद्य कसे वाजते. अशा जोड्यांच्या अनेक नोंदी एकत्र झाल्या तरच कारागिराच्या निर्णयामागील नियम काही अंशी उलगडू शकेल.

हे काम कोणत्याही एका विषयाचे नाही. टिचकीचा नाद ध्वनिमुद्रित करून त्यातील कंपनसंख्या वेगळ्या करणे भौतिकशास्त्र विभागाला साध्या मायक्रोफोन व संगणकावर शक्य आहे. भोपळ्याच्या बियाण्याची आणि लाकडाच्या रचनेची ओळख वनस्पतिशास्त्राने पटवावी. भोपळ्याचे अर्थकारण हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या लघुप्रकल्पाचा विषय होऊ शकतो. नाद चांगला की वाईट हे सांगण्याचा अधिकार मात्र संगीत विभागाचा. बहुविद्याशाखीय महाविद्यालयात हे सारे विभाग एकाच आवारात असतात आणि अभ्यासासाठी लागणारे वाद्यही तेथेच उपलब्ध असते. नोंदीत कारागिराचा सहभाग आणि त्याची संमती असणे, तसेच तिचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचणे, ही अट मात्र आरंभीच पाळली गेली पाहिजे.

समारोप

तंबोऱ्याची तबली हलकी हवी आणि बळकट हवी. भोपळा मोठा हवा आणि ताठ हवा. या अपेक्षांची पूर्तता मिरजेच्या कारागिरांनी तूनच्या लाकडातून आणि मंगळवेढ्याच्या शेतातील फळातून केली. ते जे करतात त्याची भौतिक कारणे आज बऱ्याच प्रमाणात सांगता येतात. जाडीचा घन, वक्रतेचा ताठपणा, कोंडलेल्या हवेची स्प्रिंग आणि लाकडाचे आक्रसणे ही ती कारणे होत. मात्र समोरच्या भोपळ्याला समोरची फळी कोठवर तासायची याचा निर्णय अद्याप हाताचा आणि कानाचाच आहे. भौगोलिक मानांकनाने वाद्याच्या नावाला संरक्षण दिले आहे. त्या निर्णयाची नोंद, कडू भोपळ्याची लागवड आणि वापरात असलेल्या वाद्यांची निगा या तीन गोष्टींवर त्या नावाचे मोल पुढेही टिकणे अवलंबून राहील. यांपैकी तिसऱ्या गोष्टीची सुरुवात नागपुरातील प्रत्येक संगीत विभागास आपल्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या तंबोऱ्यापासून करता येण्याजोगी आहे.